घरांत बसलेलें मोहोळ : जाळावें कीं हलवावें ?

दिवाळी आटोपून रब्बीचीं पिकें उभीं राहूं लागलीं, म्हणजे रानांत फुलें वाढतात आणि फुलांबरोबर मोहोळेंहि वाढतात. अशा दिवसांत एखाद्या घराच्या कोनाड्यांत, जुन्या भिंतीच्या पोकळींत, अडगळींतील रांजणांत, पाण्याच्या टाकीखालीं किंवा विजेच्या मीटरच्या पेटींत माशांचा थवा येऊन बसतो. घरांत लहान मुलें असतात, दावणीला जनावरें असतात. घरधनी घाबरतो आणि रात्रीं काठीला चिंधी बांधून, ती रॉकेलांत बुडवून, पेटवून मोहोळाला लावतो. सकाळीं अंगणांत मेलेल्या माशांचा सडा पडलेला असतो, भिंत काळी झालेली असते, आणि 'चला, पीडा गेली' असें म्हणून मंडळी कामाला लागतात. ही रीत आम्हीं लहानपणापासून पाहिली आहे. आणि खरें सांगावयाचें तर एके काळीं आम्हांलाहि तींत कांहीं वावगें दिसत नव्हतें. आज तसें वाटत नाहीं. तें कां, आणि मोहोळ न मारतां घरांतून हलवावयाचें तर कसें, हें स्वानुभवावरून वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. ह्या अनुभवांत एक फजितीहि आहे. ती झांकून ठेवल्यास लेखाचा अर्धा उपयोग जाईल, म्हणून तीहि सांगतों.

जाळल्यानें पीडा जात नाहीं

भिंतीच्या पोकळींतील मोहोळ आगीनें अगर विषारी फवाऱ्यानें मारलें, तरी पोळीं आंतच राहतात. जिवंत मोहोळांत हजारों माशा पंख हलवून हवा खेळती ठेवतात व पोळ्यांची उष्णता आटोक्यांत राखतात. त्या मेल्या कीं राखण संपली. उन्हाळ्यांत मेण मऊ पडतें, पोळीं तुटून कोसळतात, मध भिंतींतून झिरपूं लागतो. त्याला मुंग्या व झुरळें लागतात. मेलेल्या अळ्या कुजून दुर्गंधि सुटते. मेणकिडा उरल्यासुरल्या पोळ्यांत आपलीं जाळीं विणतो. विष वापरलें असेल तर तो मध माणसाच्या उपयोगाचा राहत नाहीं, आणि आसपासच्या दुसऱ्या मोहोळांच्या माशा तो लुटून नेतात व त्याहि मरतात. इतकें होऊनहि जुन्या मेणाचा वास त्या जागीं राहत असल्यामुळें पुढील हंगामांत नवा थवा नेमका तेथेंच येऊन बसण्याचा संभव असतो.

दुसरें नुकसान शेताचें. भोपळा, काकडी, दोडका, कारलें, कलिंगड ह्या वेलींवर नरफूल वेगळें व मादीफूल वेगळें असतें. त्यांचा पराग जड व चिकट असल्यामुळें तो वाऱ्यानें उडून जात नाहीं, तो कोणीतरी वाहून न्यावा लागतो. सूर्यफूल, कारळें, कांद्याचें बीं, धने ह्यांसहि माशांची मदत लागते. मादीफुलावर पुरेसा पराग पडला नाहीं, तर फळ वांकडें होतें किंवा देठाशीं पिवळें पडून गळतें. आपण खताला दोष देतों, बियाण्याला दोष देतों. परंतु मळ्यांत माशी फिरते कीं नाहीं हें पाहत नाहीं. ज्या घरधन्यानें रात्रीं मोहोळ जाळलें, त्यानें आपल्याच मळ्यावर राबणारे बिनपगारी मजूर जाळले, हें त्याच्या ध्यानीं येत नाहीं.

प्रथम माशी ओळखावी

मोहोळाला हात लावण्यापूर्वीं तें कोणत्या माशीचें आहे हें ओळखलें पाहिजे. येथें चूक झाल्यास ती जिवावर बेतूं शकते.

आपल्याकडे मध करणाऱ्या माशा मुख्यतः चार प्रकारच्या. पहिली आग्या माशी. ही सर्वांत मोठी. हिचें एकच एक रुंद पोळें उंच झाडाच्या फांदीला, कड्याला, पुलाखालीं किंवा इमारतीच्या सज्जाखालीं उघड्यावर लोंबतें आणि तें दोन-तीन हात रुंद होतें. दुसरी सातेरी. ही मध्यम आकाराची. ही अंधाऱ्या पोकळींत, म्हणजे झाडाच्या ढोलींत, वारुळांत, भिंतींत, एकाशेजारी एक अशीं अनेक समांतर पोळीं बांधते. तिसरी फुलोरी. ही लहान, हिचें तळहाताएवढें एकच पोळें झुडपाच्या अगर कुंपणाच्या डहाळीला असतें. चौथी डंख नसलेली अगदीं बारीक माशी. ती भिंतीच्या फटींत राहते, दाराशीं मेणाची व राळेची नळी करते, आणि तिच्यापासून घराला कांहींच उपद्रव नसतो. तिला तशीच राहूं द्यावी.

ह्यांशिवाय गांधीलमाशी आहे. तिचें घर मेणाचें नसून चावलेल्या लाकडाच्या कागदासारखें करड्या रंगाचें असतें व त्यांत मध नसतो. पुष्कळ लोक तिलाच मधमाशी समजतात आणि तिचा राग सातेरीवर काढतात.

ह्या चौघींपैकीं पेटींत राहणारी व माणसाच्या हातानें घर बदलणारी ती मुख्यतः सातेरी. फुलोरीचें पोळें डहाळीसकट कापून, तें उभेंच्या उभें ठेवून, सायंकाळीं जवळच्या दुसऱ्या झुडपाला बांधतां येतें. परंतु ती लहरी असल्यामुळें पुष्कळदां उडून जाते. आणि आग्याविषयीं तर एकच नियम आहे, तो पुढें देतों.

आग्याला हात लावूं नये

आग्या माशी पेटींत राहत नाहीं. ती उघड्यावर राहणारी, ऋतूप्रमाणें स्थलांतर करणारी जात आहे. फुलोरा सरला म्हणजे ती आपण होऊन निघून जाते व रिकामें पोळें मागें राहतें. तिला हलविण्याचा प्रश्नच नसतो; प्रश्न असतो तो तिच्याबरोबर चार-पांच महिने सांभाळून राहण्याचा. सज्जाखालीं आग्या बसलें असेल, तर त्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवाव्या, मुलांना दगड मारूं देऊं नये, खालीं शेकोटी अगर कचरा पेटवूं नये, रात्रीं त्या बाजूला प्रखर दिवा लावूं नये, आणि पोळ्यावर पक्षी झडप घालीत असतील तर त्या वेळीं खालून जाऊं नये. शाळा, दवाखाना, बाजार अशा ठिकाणीं जिवाचा धोकाच असेल, तर तें काम पूर्ण पोषाख असलेल्या शिकलेल्या माणसाकडेच द्यावें. हौशी माणसानें शिडी लावूं नये.

आग्या निघून गेल्यावर मात्र आळस करूं नये. रिकामें पोळें काढून, मेणाचे डाग खरवडून, ती जागा चुन्यानें रंगवावी. जुन्या जागीं वर्षानुवर्षें परत येण्याची संवय ह्या माशीस आहे.

आमची फजिती

आतां सातेरीकडे वळूं. चार वर्षांपूर्वीं श्रावणाच्या आरंभीं आमच्या एका स्नेह्याच्या घरीं, स्वयंपाकघराच्या कोनाड्यामागें, सातेरीचें मोहोळ असल्याचा निरोप आला. त्याचा विचार तें जाळण्याचा होता. आम्हीं मोठ्या आवेशानें सांगितलें, 'जाळूं नका, आम्ही पेटींत भरून नेतों.' पुस्तकें वाचलीं होतीं, नवी कोरी पेटी आणली होती. उणीव होती ती अनुभवाची.

सकाळीं दहाच्या सुमारास, आभाळ भरून आलें असतां, आम्हीं कोनाडा फोडला. धूर इतका केला कीं माशा सैरावैरा धांवूं लागल्या. राणी दिसली नाहीं. माशा पेटींत गेल्या म्हणजे तीहि गेली असेल, असें आम्हीं धरून चाललों. अंडीं-अळ्यांचीं पोळीं आम्हांला निरुपयोगी वाटलीं. तीं परसांतील कोंबड्यांना टाकलीं. जें काय थोडें मधाचें पोळें होतें, तें माशांना खावयास म्हणून पेटींत ठेवलें. तें फुटून मध तळाशीं सांडला व त्यांत माशा चिकटून मेल्या. संध्याकाळपर्यंत पेटीला मुंग्या लागल्या. दुसऱ्या दिवशीं दुपारीं उघडीप मिळतांच सर्व माशा पेटींतून निघाल्या आणि फोडलेल्या भिंतीला घडासारख्या लोंबूं लागल्या. मग दोन दिवस पाऊस लागला. तिसऱ्या दिवशीं त्या भिंतीखालीं ओंजळभर मेलेल्या माशा आमच्या स्नेह्यानें झाडून काढल्या.

तो आम्हांला कांहीं बोलला नाहीं. चहा दिला, पान दिलें. निघतांना एवढेंच म्हणाला, 'टेंभ्यानें एका रात्रींत उरकलें असतें. निदान त्यांचे असे हाल तरी झाले नसते.' माशांचे डंख दोन दिवसांत उतरले. हें वाक्य मात्र अद्यापि उतरलेलें नाहीं.

चूक कोठें झाली ?

घरीं येऊन आम्हीं विचार केला, पुढें जाणत्या मधपाळांना विचारलें, आणि एक गोष्ट कळली. मोहोळ हलविणें म्हणजे माशा हलविणें नव्हे. माशा आज आहेत, महिन्या-दीड महिन्यानें त्या नसतील. त्यांच्या जागीं दुसऱ्या असतील. मोहोळाचा जीव राणींत व पिलाव्यांत असतो. अंडीं, अळ्या व झांकलेले कोश ह्या सर्वांस मिळून मधपाळ पिलावा म्हणतात. अंडें घातल्यापासून सुमारें वीस दिवसांनीं त्यांतून कामकरी माशी बाहेर पडते. ज्या पेटींत पिलावा आहे ती पेटी माशा सहसा टाकीत नाहींत, कारण लेंकरांना कोणी टाकून जात नाहीं. शिवाय राणी दैववशात् मेली, तरी ताजीं अंडीं व कोवळ्या अळ्या असल्यास कामकरी माशा त्यांतील एखाद्या अळीला विशेष अन्न चारून नवी राणी करतात. आम्हीं तीं पोळीं कोंबड्यांना टाकलीं, म्हणजे मोहोळाचें वर्तमान व भविष्य दोन्ही आपल्या हातानें फेकून दिलें.

दुसरी चूक ऋतूची. भर पावसांत रानांत फूल नसतें, माशांची शिल्लक थोडी असते, आणि नवें मेण करण्यास लागणारा मध मिळत नाहीं. तिसरी चूक वेळेची. सकाळीं काम केल्यानें चरावयास गेलेल्या माशा दिवसभर जुन्याच जागीं परत येत राहिल्या. चौथी चूक सांडलेल्या मधाची. ह्या चार चुकांतून जे चार नियम निघाले, ते पुढल्या खेपेस कसे उपयोगी पडले तें आतां सांगतों.

पाटलांच्या वाड्यांतील काम

गेल्या मार्गशीर्षांत डोंगराकडील एका गांवच्या पाटलांकडून बोलावणें आलें. त्यांच्या जुन्या वाड्याची भिंत दगडमातीची. आंतले व बाहेरले दगड ह्यांमध्यें पोकळी. माजघराच्या खिडकीशेजारीं सातेरी बसून तीन वर्षें झालीं होतीं. इतके दिवस कोणाची तक्रार नव्हती. परंतु त्या आठवड्यांत त्यांच्या नातीच्या पापणीला माशी डसली, डोळा सुजून बंद झाला, आणि धाकट्या चिरंजिवांनीं शेतावरचा फवारणीचा पंप भरून ओट्यावर आणून ठेवला. पाटलांच्या वृद्ध मातोश्रींनीं तेवढा अडविला होता. आम्हीं म्हणालों, 'पाटील, आम्हांला एक संध्याकाळ द्या. साधलें नाहीं तर पंप आहेच.' पाटील म्हणाले, 'साहेब, संध्याकाळ घ्या, पण माझीं पोरें सांभाळा.' मागल्या फजितीची आठवण ताजी होती. म्हणून ह्या खेपेस महाबळेश्वराकडे बरींच वर्षें पेट्या सांभाळलेल्या एका जाणत्या मधपाळास आम्हीं बरोबर घेतलें होतें. पुढें जें सांगतों तें त्याच्या हाताखालीं राहून शिकलेलें आहे.

साहित्य फार लागलें नाहीं. सातेरीसाठीं असलेली आठ चौकटींची पेटी, धूर देण्याचें भांडें, धारदार सुरी, मऊ पिसाचा कुंचा, तोंडाला जाळी व हातमोजे, राणीला ठेवण्यासाठीं जाळीचा लहान पिंजरा, झांकणाचीं दोन पातेलीं, बादलीभर पाणी आणि केळीच्या सोपटाचे दोरे. चौकटींची पेटी ही कल्पना अमेरिकेंतील लँगस्ट्रॉथ ह्यांनीं सन १८५१ मध्यें काढली. दोन पोळ्यांमध्यें माशीला फिरण्यापुरती जागा नेमकी राखली, तर माशा ती मेणानें बुजवीत नाहींत, ह्या साध्या निरीक्षणावर ती उभी आहे. आपली सातेरी आकारानें लहान, म्हणून तिची पेटीहि लहान लागते. दक्षिणेंत फादर न्यूटन ह्यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभींच्या काळांत अशी पेटी तयार केली व ती पुष्कळ वर्षें त्यांच्याच नांवानें चालली.

दुपारीं चारला कामास आरंभ केला. मुलें व म्हातारीं माणसें शेजारच्या घरीं पाठविलीं, जनावरें मागल्या गोठ्यांत नेलीं. मधपाळानें भिंतीला कान लावून व हात फिरवून मोहोळ कोठवर आहे तें ठरविलें. जेथें पोळीं आहेत तेथें भिंत कोंबट लागते. मग नारळाच्या शेंड्यांचा पांढरा, थंड धूर दोन-तीन फुंकर दिला व थांबला. धूर लागला म्हणजे माशा आग लागली असें समजून पोटभर मध पितात, आणि पोट भरलेली माशी सहसा डसत नाहीं. अधिक धूर दिला तर त्या बिथरतात व राणी कोठेंतरी दडून बसते.

एकेक दगड हलक्या हातानें काढला. आंत सात पोळीं होतीं. कडेचीं मधाचीं, मधलीं पिलाव्याचीं. मधाचीं पोळीं कापून लगेच पातेल्यांत ठेवून झांकण लावलें. एक थेंब सांडला तरी तो पाण्यानें धुतला. पिलाव्याचें प्रत्येक पोळें वरून कापून, माशा कुंच्यानें हलकेच पेटींत सारून, चौकटीच्या मापाचें केलें आणि चौकटींत बसवून सोपटानें दोन ठिकाणीं बांधलें. येथें एक गोष्ट लक्षांत ठेवावी. भिंतींत पोळ्याची जी बाजू वर होती तीच चौकटींतहि वर यावी. कोठ्यांचीं तोंडें किंचित् वर उचललेलीं असतात. पोळें उलटें बांधलें तर तीं खालीं झुकतात. बांधलेलीं पोळीं भिंतींत ज्या क्रमानें होतीं त्याच क्रमानें पेटींत लावलीं.

राणी पांचव्या पोळ्यावर मिळाली. इतर माशांपेक्षां लांब, गडद रंगाची, पंखांबाहेर पोट गेलेली; उजेड लागतांच पोळ्याच्या दुसऱ्या बाजूस पळणारी. मधपाळानें तिला दोन बोटांनीं न दाबतां पिंजऱ्यांत चढविलें व पिंजरा पिलाव्याच्या दोन चौकटींमध्यें ठेवला. पुढें जें झालें तें पाहण्यासारखें होतें. पेटी भिंतीच्या भोंकाला लावून ठेवतांच कांहीं माशा तिच्या दाराशीं बसल्या, पोटाचें टोंक वर केलें आणि पंख फडफडवूं लागल्या. हा त्यांचा वास पसरवून इतरांना बोलावण्याचा प्रकार होय. भिंतीवरील काळा घड मुंग्यांच्या रांगेसारखा पेटींत शिरूं लागला. दिवे लागणीस भिंत रिकामी झाली. पाटलांच्या चिरंजिवांनीं तेव्हां कोणाला न सांगतां तो पंप उचलून परत शेतघरांत नेऊन ठेवला.

पेटी कोठें न्यावी ?

अंधार पडल्यावर पेटीच्या दाराला बारीक जाळी लावली व ती रात्रींच गांवापासून तीन किलोमीटरवर पाटलांच्या मेहुण्यांच्या मळ्यांत नेली. हें अंतर कां ? चरणाऱ्या माशीला आपल्या घराची खूण पक्की असते. पेटी त्याच वाडीत शंभर-दोनशें पावलांवर ठेवली, तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्या जुन्या भिंतीशींच परततात. सातेरी साधारणपणें एक-दीड किलोमीटरच्या आंत चरते. म्हणून दोन-तीन किलोमीटर पलीकडे नेल्यास ओळखीची खूण लागत नाहीं व ती नव्या जागेची खूण बसविते. दोन-तीन आठवड्यांनीं जुनी खूण धरणाऱ्या माशा बहुतेक संपतात. मग पेटी पुनः आपल्या बागेंत आणतां येते.

पेटी सावलींत, तोंड पूर्वेकडे करून, तिवईवर ठेवावी. तिवईच्या पायांखालीं पाण्याच्या वाट्या ठेवाव्या, म्हणजे मुंग्या चढत नाहींत. दाराला राणी अडेल परंतु कामकरी जाईल अशी जाळी एक आठवडा ठेवावी. मधाच्या कोठीची घाई करूं नये. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळपासून पांच-सहा दिवस निम्मी साखर व निम्में पाणी असा पाक पेटीच्या आंत द्यावा, दिवसा देऊं नये व सांडूं नये. नाहींतर शेजारच्या माशा लुटालुटीस येतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं राणीला पिंजऱ्यांतून सोडावें. पोळीं चौकटीला चिकटलीं म्हणजे माशा सोपट स्वतःच कुरतडून बाहेर टाकतात.

तिसऱ्या दिवशीं दुपारीं आम्ही पेटी पाहावयास गेलों, तों शेंकडों माशा दारापुढें घिरट्या घालीत होत्या. श्रावणांतील तो प्रसंग डोळ्यांपुढें उभा राहिला व आमचें काळीज धसकलें. मधपाळ हंसून म्हणाला, 'घाबरूं नका. लहान माशा घराची ओळख करून घेत आहेत. तोंडें पेटीकडे आहेत, पाहा ना. जाणाऱ्या असत्या तर मागें वळून पाहिलें नसतें.' अर्ध्या तासांत सर्व आंत गेल्या. सातव्या दिवशीं चौकट उचलून पाहिली. कोठ्यांच्या तळाशीं तांदळाच्या बारीक कणीसारखीं ताजीं अंडीं उभीं होतीं. त्या दिवशीं आम्हांला प्रथम वाटलें कीं मोहोळ खरोखर हललें.

भिंत बुजविणें हें निम्में काम

मोहोळ नेल्यावर पोकळीचें तोंड तेवढें लिंपून मोकळें होणें ही सर्वसाधारण चूक होय. आंतील सर्व मेण खरवडून काढावें, भिंत पाण्यानें धुवावी, चुना मारावा, आणि पोकळी दगडमातीनें तळापर्यंत भरून मगच गिलावा करावा. पाटलांच्या मातोश्रींनीं हें काम स्वतः उभें राहून करून घेतलें. निघतांना त्यांनीं वाटीभर मध आमच्या हातीं दिला व म्हणाल्या, 'बाळांनो, भिंत गप्प झाली. तीन वर्षें तिचा आवाज ऐकत झोंपत होतें.' तो मध आम्हीं घेतला. परंतु त्यांची तीन वर्षांची शेजारीण आपण नेली, असेंहि क्षणभर वाटल्यावांचून राहिलें नाहीं. पौषाच्या अखेरीस ती पेटी पाटलांच्या आंबराईंत आली, तेव्हां तिची जागा मातोश्रींनींच निवडली.

डंखाविषयीं दोन शब्द

डंख लागल्यास तो तात्काळ नखानें अगर सुरीच्या पाठीनें खरवडून काढावा. जितका वेळ तो राहील तितकें विष आंत जातें. डंखाबरोबर पिकलेल्या केळ्यासारखा एक वास सुटतो व त्यानें इतर माशा चवताळतात. म्हणून ती जागा पाण्यानें धुवावी व तेथून दूर जावें. दोन-चार डंखांनीं निरोगी माणसाला सूज व दुखणें ह्यांपलीकडे सहसा कांहीं होत नाहीं. परंतु एकाच डंखानें ज्याला अंगभर गांधी उठतात, घसा आंवळतो, श्वास लागतो किंवा चक्कर येते, त्याला घरगुती उपाय करीत न बसतां त्याच क्षणीं दवाखान्यांत न्यावें. उशीर जिवावर बेततो. अनेक डंख लागलेल्या माणसासहि, त्याला बरें वाटत असलें तरी, दवाखान्यांत दाखवावें. आग्या मागें लागल्यास हात झाडूं नयेत; तोंड झांकून पळावें व बंद घरांत शिरावें. विहिरींत उडी घालूं नये, कारण माशा वर घिरट्या घालीत राहतात.

शेवटीं

शेतकरी बंधूंनो, हें काम प्रत्येकानें पहिल्याच दिवशीं आपल्या हातानें करावें असें आमचें म्हणणें नाहीं. श्रावणांतील आमचा प्रकार त्यास पुरेसा पुरावा आहे. प्रत्येक गांवांत एकदोन तरुणांनीं तरी तें शिकून घ्यावें एवढेंच सांगणें आहे. पुणें येथें सन १९६२ मध्यें स्थापन झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वर येथें राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचें मध संचालनालय आहे. आणि त्याच तालुक्यांतील मांघर हें गांव सन २०२२ मध्यें मधाचें गांव म्हणून जाहीर झालें. शिकावयास दूर जावें लागत नाहीं.

आमच्या त्या पहिल्या स्नेह्याची हकीकत सांगून हा लेख पुरा करतों. त्यानें कोनाड्याचें तोंड तेवढें लिंपलें होतें, आंतील मेण तसेंच राहिलें होतें. यंदा ज्येष्ठांत लिंपण तडकून तेथें पुनः सातेरी बसली. त्यानें टेंभा पेटविला नाहीं. आम्हांला निरोप धाडला. आम्हीं उलट कळविलें कीं पावसाळा जाऊं द्या, खिडकीला जाळी लावा, मुलांना सांभाळा, दिवाळीनंतर येतों. तो थांबला आहे. येत्या आठवड्यांत, दुपारीं चारला, ह्या वेळीं मधपाळाला बरोबर घेऊन, आम्ही त्याच्या घरीं जाणार आहों.